हरलात टर्फवर, राग निघाला पोरांवर

प्रश्न: मी पाचोरा तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सतरा वर्षांखालच्या मुलांची हॉकी टीम शून्यातून उभी केली. जिल्ह्यात जिंकलो. त्यानंतर पुण्याला एका निमंत्रित स्पर्धेला गेलो आणि अ‍ॅस्ट्रोटर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, ७-१ ने हरलो. पहिल्याच क्वार्टरमध्ये चार गोल झाले. माझा तोल गेला. गोलकीपरला बाहेर काढलं, 'तुमच्यापेक्षा गल्लीतली पोरं बरी' असं सगळ्यांसमोर बोललो. कॅप्टन उलट म्हणाला, 'सर, टर्फवर एकदा तरी नेलं होतं का आम्हाला?' परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. रात्री मी ग्रुपवर मेसेज टाकून कॅप्टन बदलला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मैदानाच्या वीस चकरा मारायला लावल्या. तेव्हापासून कॅप्टनसह पाच जण सरावाला येत नाहीत. एकाने स्टेटस ठेवलं, 'जिंकलं तर सरांमुळे, हरलं तर आमच्यामुळे.' पालकांचे फोन येतात. विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. पुण्याचा निम्मा खर्च माझ्या खिशातून गेला, त्याचं कुणाला काही नाही. टीम बंद करावी का?
– एक क्रीडाशिक्षक, जि. जळगाव

उत्तर:

सर, नमस्कार.

टीम बंद करू नका. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. सात गोल का झाले ही एक, आणि पाच मुलं का येत नाहीत ही दुसरी. पहिलीचं उत्तर बरंचसं पायाखालच्या मैदानात होतं. तुम्ही ते मुलांच्या जिद्दीत शोधलंत आणि दुसरी अडचण तिथून सुरू झाली. म्हणून आधी मॅचबद्दल बोलू. कॅप्टनसमोर बसाल तेव्हा हरण्याचं खरं कारण तुमच्या हातात असायला हवं. 'झालं गेलं विसरून जा' एवढ्याने सोळा वर्षांच्या मुलाचं समाधान होत नाही.

भारताने १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला, तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि वर्षभरापूर्वीचा हा विश्वविजेता संघ सातवा आला. १९२८ पासून ऑलिम्पिकमधून पदकाशिवाय परतण्याची ती पहिली वेळ होती. एका वर्षात त्या खेळाडूंची जिद्द आटली असं कुणी म्हणणार नाही. जगज्जेत्यांना जे जमलं नाही, ते तुमच्या नववी-दहावीच्या पोरांना पहिल्या पंधरा मिनिटांत कसं जमावं?

मुरुमावर बॉल उसळत, अडखळत येतो आणि वाटेत वेग गमावतो. खेळाडू थोडा ताठ उभा राहतो, स्टिक सरळ धरतो आणि जवळ येईपर्यंत बॉल निम्मा मेलेलाच असतो. टर्फवर पाणी मारलेलं असतं. तिथे बॉल जमिनीला चिकटून सरळ येतो आणि वेग सोडत नाही. त्याच ताठ स्टिकवर, त्याच घट्ट पकडीवर तो आपटला की दोन-तीन मीटर पुढे उडतो आणि समोरचा तो घेऊन निघून जातो. नाहीतर स्टिकखालून निसटून पायाला लागतो. मधल्या मैदानात पाय लागला तर समोरच्यांना फ्री हिट जाते, आपल्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, लागला तर पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बॅकलाइनवरून बॉल आत देऊन गोलवर फटका मारायची संधी. एका ट्रॅपच्या, म्हणजे बॉल स्टिकवर थांबवण्याच्या, चुकीतून बॉल गेला, पाय लागला, कॉर्नर गेला आणि गोल झाला, अशी ती साखळी असते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पोरं ढिली पडलीत असंच वाटतं.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. कुणाच्या तरी मोबाइलवर मॅचचं चित्रण असेलच. घरी एकट्याने बसा आणि फक्त पहिला क्वार्टर बघा. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर मैदान काढा. आपण जिथे जिथे बॉल गमावला तिथे फुली मारा आणि शेजारी कारण लिहा: ट्रॅप सुटला, पास चुकला, टॅकलमध्ये गेला, पाय लागला. खेळाडूचं नाव कुठेही लिहू नका. मातीवरून पहिल्यांदा टर्फवर गेलेल्या टीमच्या कागदावर 'ट्रॅप सुटला' हे सगळ्यात जास्त वेळा येतं, आणि फुल्यांचा गठ्ठा आपल्या २३ मीटर रेषेच्या आसपास असतो, कारण फुलबॅक आणि हाफ तिथेच दबावाखाली बॉल घेतात. तुमच्याही कागदावर तसंच दिसलं, तर तो कागद जपून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

गोलकीपरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्या मुलावर सगळ्यात जास्त अन्याय झाला असण्याची शक्यता आहे. मातीच्या मैदानावर गोली पायाच्या पॅडने किंवा किकरने (बुटावरच्या जाड कवचाने) बॉल अडवतो, बॉल तिथेच पुढ्यात मरतो आणि फुलबॅक तो काढून देतो. टर्फवर तसाच अडवलेला बॉल उसळून डीच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथे समोरचा फॉरवर्ड मोकळा उभा असतो. टर्फवर गोलीला नुसतं अडवून चालत नाही. पायाच्या आतल्या बाजूने बॉल साइडलाइनकडे काढून द्यावा लागतो. हे कुणी शिकवल्याशिवाय येत नाही. त्या चार गोलांतले किती गोल पहिल्या फटक्यावर झाले आणि किती परत आलेल्या बॉलवर, ते चित्रणात मोजा. परत आलेल्या बॉलवरचे जास्त निघाले तर त्या मुलाला सगळ्यात आधी फोन करा, कॅप्टनच्याही आधी.

आता कॅप्टन. त्याला फोन करून बोलवा, मेसेजवर नको. सराव सुटल्यावर मैदानावरच भेटा. त्याच्या घरी जाऊ नका. ओट्यावर वडील आणि काका बसलेले असताना तो मान खाली घालून 'हो सर, हो सर' म्हणेल, वडील तुमची बाजू घेऊन त्यालाच दम देतील आणि तुम्ही चहा पिऊन परत याल. तुम्हाला त्याचा होकार नको आहे, त्याला काय दिसलं ते हवं आहे. घरी अहिराणी बोलणारा मुलगा असेल तर तुम्हीच अहिराणीत सुरुवात करा. शाळेच्या मराठीत मुलं सरांशी तोलून मापून बोलतात.

पहिलं वाक्य तुमचं असू द्या आणि ते साधं असू द्या: 'मी गल्लीतली पोरं बरी म्हणालो, ते चुकलं. टर्फची तयारी करून घेणं माझं काम होतं, ते राहून गेलं. तू विचारलंस ते बरोबर होतं.' इथे थांबा. या वाक्याला 'पण' जोडू नका. 'पण तूही सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं' हे तुमच्या ओठांवर येईल आणि ते खरंही आहे, पण ते दोन दिवसांनी बोलायचं. माफीला लगेच तक्रार जोडली की मुलाच्या लक्षात तक्रारच राहते.

मग त्याला असे प्रश्न विचारा ज्यांना 'हो' हे उत्तर देताच येणार नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये तुझ्याकडे बॉल आला तेव्हा कोण मोकळं दिसत होतं? तिसऱ्या गोलनंतर तुम्ही आपसात काय बोललात? मी बाहेरून ओरडत होतो, त्यातलं तुला काय ऐकू आलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. बहुतेक वेळा मुलांना स्वतःचं नाव आणि रागाचा सूर एवढंच ऐकू येतं. सूचना ऐकूच येत नाही. नाव ऐकलं की खेळाडू बाहेर बघतो, आणि टर्फवर त्या एका नजरेत बॉल निघून गेलेला असतो. त्याला कागद दाखवा आणि फुल्यांवर बोट ठेवून त्यालाच सांगू द्या. सेंटर हाफ किंवा फुलबॅक असेल तर तुम्हाला बाहेरून न दिसलेल्या चार गोष्टी तो नक्की सांगेल.

कॅप्टनपद त्याला परत द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही ते काढलंत ते खेळासाठी किंवा वागणुकीसाठी नव्हे, एका खऱ्या प्रश्नासाठी. ते तसंच ठेवलंत तर उरलेली मुलं एकच गोष्ट शिकतील, की सरांना काही विचारायचं नाही. आणि जी टीम कोचला काही विचारत नाही, ती टीम 'डावीकडून मार बसतोय, माणूस हलवा' हेही सांगत नाही. दोन दिवसांनी मात्र त्याच्याशी दुसरं बोलणं करा. तक्रार क्वार्टरच्या मधल्या वेळात किंवा मॅच संपल्यावर, फक्त तुमच्याजवळ. चालू खेळात आणि समोरच्या टीमसमोर नाही. हाच नियम तुम्हालाही लागू राहील, हेही त्याच वेळी सांगा. मध्ये ज्याला कॅप्टन केलंत त्या मुलाला विसरू नका. बिचारा दोन्हीकडून अडकला आहे. त्याला आधी एकट्याला सांगा आणि पेनल्टी कॉर्नरच्या बचावाची जबाबदारी त्याच्याकडे द्या. ती नावापुरती जबाबदारी नसते. मतदान घेऊन कॅप्टन निवडायचा विचार मनात असेल तर सोडा. मतदानाने टीमचे दोन गट कायमचे पडतात.

अपमान सगळ्यांसमोर झाला, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर व्हायला हवी. सराव सुरू व्हायच्या आधी, सगळे उभे असताना, दोन मिनिटं. ग्रुपवर नाही. आणि त्याच वेळी जाहीर करा की यापुढे पळणं ही शिक्षा नसेल. वीस चकरांचा हिशेब करा. पूर्ण मैदान ९१.४० बाय ५५ मीटरचं, म्हणजे एक चक्कर सुमारे २९३ मीटर आणि वीस चकरा जवळजवळ सहा किलोमीटर. तेही संथ. हॉकीला लागतात दहा ते तीस मीटरचे झपाटे, थांबणं, वळणं, परत झपाटा. त्या चकरांनी हॉकीचा दम फारसा वाढला नाही. पळणं म्हणजे अपमान एवढं मात्र मुलांच्या डोक्यात बसलं.

बाकीच्या चौघांना 'सोमवारपर्यंत आला नाहीत तर नाव कट' असा मेसेज टाकू नका. एकेकाला फोन करा, कारण चौघांची कारणं चार असतील. एकाचा गुडघा दुखत असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. एकाला घरून 'दहावीचं वर्ष आहे' म्हणून अडवलं असेल आणि हे भांडण आयतं निमित्त मिळालं असेल. एकजण फक्त कॅप्टनचा दोस्त म्हणून थांबला असेल, तो कॅप्टनबरोबर आपोआप येईल. स्टेटसवाल्याला स्टेटस काढायला सांगू नका. त्याने तुम्हाला तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही म्हणून तिथे लिहिलं. त्याला एवढंच म्हणा, 'वाचलं मी. मैदानावर येऊन सांग, ऐकतो.' तो काय म्हणतोय याकडे बघा: जिंकलेल्या मॅचनंतर तुम्ही त्यांचं नाव घेत नाही, असं त्याला वाटतंय. जिल्हा जिंकल्यावर शाळेच्या परिपाठात कुणाची नावं घेतली गेली, हे आठवून बघा.

पालकांची एकच बैठक घ्या, अर्ध्या तासाची. त्यात टीममध्ये कोण खेळेल हा विषय काढायचा नाही आणि चित्रण दाखवायचं नाही. आपल्या मुलाची चूक चार लोकांसमोर पडद्यावर बघितली की बाप भांडायलाच उठतो. सरावाचे वार आणि वेळ लिहून द्या, सुट्टीची ठरलेली वेळ पाळा, दहावीच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस मोकळे द्या. खर्चाचाही विषय इथेच काढा. तुमच्या खिशातून पैसे गेले याची तुम्हाला बोच आहे आणि ती रास्त आहे. पण तो हिशेब कुणाला माहीतच नसेल तर जाणीव कशी असणार? प्रवास, राहणं, जेवण, बॉल असा पुढच्या दौऱ्याचा खर्च एका पानावर लिहून पालकांपुढे ठेवा. शाळा काय देते, पालक काय देतील, किती कमी पडतंय. शेतकरी बाप पैसे देऊ शकला नाही तर दोन फण्या केळी आणि घरचं पीठ आनंदाने देतो. ते घ्या. आणि एकदा मांडून झालं की तो खर्च रागाच्या भरात मुलांसमोर काढू नका.

आता तीन आठवड्यांचा सराव. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानावर चिखल होतो, हे एकदम सोयीचं निमित्त धरा आणि सिमेंटवर जा. कापसाचा हंगाम दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तोवर जिनिंगचं काँक्रीटचं आवार रिकामं असतं. मालकाला मुख्याध्यापकांचं पत्र द्या. नाही मिळालं तर बास्केटबॉल कोर्ट किंवा बाजार समितीचा मोकळा ओटाही चालेल. गुळगुळीत काँक्रीटवर थोडं पाणी शिंपडलं की बॉल टर्फसारखा सरळ आणि वेगात येतो. आधी आवार फिरून बघा. सावलीच्या कडेला शेवाळ असतं, तिथे पाय घसरून मनगट मोडतं. ते घासून काढा नाहीतर तो कोपरा दोरी लावून बंद करा. काँक्रीटवर टॅकल नाही, झोपून बॉल काढणं नाही, मॅच तर अजिबात नाही. फक्त ट्रॅप आणि पास. जुन्या स्टिक वापरा, कारण सिमेंटवर हूकची, म्हणजे स्टिकच्या वळलेल्या टोकाची, खालची कड झिजते. चांगली स्टिकच वापरायची असेल तर खालच्या कडेला टेपचे दोन वेढे द्या.

जोड्या करा, अंतर दहा मीटर. पुश पास, म्हणजे स्टिक मागे न नेता बॉल ढकलून दिलेला पास. बॉल घेणाऱ्याने गुडघे वाकवायचे, कमरेत खाली जायचं, स्टिकची मूठ बॉलच्या दिशेने पुढे झुकवायची म्हणजे बॉल स्टिक आणि जमीन यांच्या बेचक्यात बसतो. उजवा हात ढिला. बॉल लागण्याच्या क्षणी स्टिक किंचित मागे येऊ द्यायची. प्रत्येकाला चाळीस बॉल, मग अंतर पंधरा मीटर, मग पळत येऊन ट्रॅप. दर दोन दिवसांनी मोजा: वीस बॉलपैकी किती एका स्टिकच्या अंतरात थांबले. सुरुवातीला आठ-दहा निघाले तरी घाबरू नका, सोळाच्या पुढे गेले की विषय पुढे न्या. आकडे ज्याचे त्याने वहीत लिहावेत, फळ्यावर नको. पहिल्या आठवड्यात याशिवाय फारसं काही करायची गरज नाही.

दुसऱ्या आठवड्यात पास आणि टॅकल. मुरुमावर बॉल लांब न्यायचा तर जोरात हिट मारावीच लागते आणि मुलांना तीच सवय असते. टर्फवर तीच हिट कुणाच्याच हाती न लागता बॅकलाइनबाहेर जाते आणि समोरच्यांना फ्री हिट मिळते. म्हणून पुश आणि स्लॅप (स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेला फटका), दहा ते वीस मीटर, पायात नव्हे, स्टिकवर. टॅकलमध्ये मातीवर झेप घेऊन बॉल मिळतो कारण समोरचा संथ असतो. टर्फवर झेप घेतली की तो बाजूने निघून जातो आणि आपला माणूस मागे राहतो. समोरच्यापासून तीन-चार पावलांवर थांबायचं, त्याच्या वेगाने मागे सरकायचं, त्याला आपल्या उजव्या, म्हणजे स्टिकच्या सरळ बाजूला साइडलाइनकडे ढकलत न्यायचं. स्टिक जमिनीवर हवी. बॉल त्याच्या स्टिकपासून सुटला त्याच क्षणी घ्यायचा.

पेनल्टी कॉर्नरचा बचाव रोज पंधरा मिनिटं. गोली धरून पाच जण बॅकलाइनमागे, बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. आपला पहिला धावणारा समोरच्या टीममधल्या बॉल थांबवणाऱ्याकडे सुटतो, पण गोलीला बॉल दिसत राहील अशी रेघ मोकळी ठेवून. दुसरा त्याच्या मागे डावी-उजवी भरतो. बॉल खेळला जाण्याआधी कुणी सुटला तर त्याला मधल्या रेषेपलीकडे पाठवतात आणि बदली माणूस मिळत नाही, म्हणजे चौघांनी बचाव. घाईने होणारी ही चूक मुलांना आधीच सांगून ठेवा. आणखी एक नियम: पहिल्या फटक्याच्या वेळी धावणारा पाच मीटरच्या आत असेल आणि बॉल गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. साध्या पवित्र्यात गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक धरून आपल्याला फ्री हिट. म्हणून धावताना स्टिक खाली, पायांच्या पुढे हवी. धावणाऱ्यांना फेस मास्क, ग्लोव्ह, नी-गार्ड आणि अ‍ॅब्डॉमिनल गार्ड नसेल तर सरावात खऱ्या बॉलवर फटका मारू देऊ नका. यात काटकसर करू नका. दुसरीकडे कुठेही करा.

बदली खेळाडूंचा हिशेब कागदावर करून न्या. हॉकीत कितीही वेळा माणूस बदलता येतो. फक्त पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदल करता येत नाही, गोली जखमी झाला तर गोष्ट वेगळी. फॉरवर्ड पाच-सहा मिनिटांनी, हाफ सात-आठ मिनिटांनी. मुलगा बाहेर येतो तो दम घ्यायला, हे सगळ्यांना आधी माहीत असलं की बाहेर काढलं म्हणजे अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. पुण्यात गोलीला तसंच वाटलं असणार.

प्रवासाकडे बघू. पाचोऱ्याहून रात्रभर बसून जायचं आणि सकाळी उतरून नऊला मैदानात, हे पुन्हा होऊ देऊ नका. पाय सुजलेले, झोप अर्धवट, अंगात टर्फचा अंदाज नाही, अशा टीमवर पहिल्या दहा मिनिटांत गोल होतातच. एक दिवस आधी पोचा आणि आयोजकांकडून टर्फवर अर्धा तास आधीच मागून घ्या. तो बहुतेक वेळा संध्याकाळी उशिरा मिळतो. फुटबॉलचे मोठे स्टड नकोत. टर्फ शूज नसतील तर बारीक नक्षीच्या रबरी तळव्याचे साधे स्पोर्ट्स शूज चालतील. नवे बूट मात्र आठवडाभर आधी घालून मळवा, नाहीतर टाचेला फोड येतात. आदल्या रात्री शेवभाजी आणि भरीत नको, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. वरण-भात, पोळी, साधी भाजी. मॅचच्या तीन तास आधी पोहे किंवा उपमा, तासभर आधी एक केळं, आणि मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने. जिंकलात तर येताना शेवभाजी खा, हरलात तरी खा.

क्वार्टरच्या मधली दोन मिनिटं तुमच्यासाठी सगळ्यात अवघड जाणार आहेत. पहिला अर्धा मिनिट काहीच बोलू नका, पाणी पिऊ द्या. मग कॅप्टनला विचारा, 'काय दिसतंय?' तो बोलेल. मग तुमची एक सूचना बचावाला, एक फॉरवर्डला. तिसरी नको. सूचना 'करा' या रूपात द्या. 'डावीकडून बदला', 'फुलबॅकने रुंद उभं राहा.' 'असं कसं सोडता' यात मुलाने पुढे काय करायचं हे कळत नाही. चालू खेळात बाहेरून नावं घेऊन ओरडायचं नाही, हे स्वतःसाठी ठरवा आणि सोबतच्या शिक्षकाला किंवा बदली खेळाडूला सांगून ठेवा, की मी ओरडलो तर हळूच हात धर.

फुल्यांचा तो कागद टीमसमोर ठेवायची वेळ दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पाचही जण परत आल्यावर. त्याच्या शेजारी सरावातल्या मॅचचा नवा कागद ठेवा. ती मॅच शाळेच्या माजी, मोठ्या मुलांशी लावा, कारण वेगाची सवय बरोबरीच्या मुलांकडून होत नाही. चित्रण दाखवायचं तर वीस मिनिटांच्या आत, आणि पहिले दोन तुकडे चांगल्या खेळाचे. तुमचा तो एक गोल कसा झाला, तिथून सुरुवात करा. सात गोल खाल्लेल्या टीमने एक गोल केलाही होता, आणि त्या गोलचं तुमच्या पत्रात एक वाक्यही नाही.

समजा कॅप्टन आला, तिघे आले, आणि एक जण नाहीच आला. त्याची जागा लगेच भरा, पण त्याचं नाव ग्रुपमधून काढू नका आणि त्याच्याबद्दल बाकीच्यांसमोर एक शब्द बोलू नका. पुढच्या हंगामात येईल किंवा नाही येणार.

विभागीय स्पर्धेचं मैदान टर्फचं आहे की मातीचं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात उद्याच विचारा. माती असेल तर शेवटच्या आठवड्यातले चार दिवस मुरुमावर सराव करा, ट्रॅपचा सराव मात्र रोज दहा मिनिटं काँक्रीटवर चालू ठेवा. टर्फ असेल तर शेवटचे दोन दिवस हलकं ठेवा: ट्रॅप, कॉर्नर, आणि लवकर घरी.